मनाचे दुखणे आणि सरकारी दाखला

संपादक मंडळींनी महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात ‘शिक्षणाचे महत्त्व’ असाच काहीसा विषय असावा. मास्तराकडून दुसरे काय मागायचे? पण शिक्षणाचे महत्त्व आता निर्मलमध्ये कोणास पटवून द्यावे लागत नाही. म्हणून वाचकांची क्षमा मागून आम्ही निराळा विषय घेत आहोत. ज्या घरात मनाच्या आजाराने एखादे माणूस वर्षानुवर्षे निकामी होऊन बसले आहे, त्या घरास सरकारकडून काही मिळू शकते काय आणि ते मिळवावे कसे, हा तो विषय.

आमच्याकडे तो अर्जांच्या वाटेने आला. शाळा सुटल्यावर लोकांचे अर्ज भरून देणे हे आमच्या गावात मास्तराचे न मागता मिळालेले दुसरे काम आहे. मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारे सारेच येतात. गुडघा, डोळा, मूत्रपिंड, हृदय ही नावे ते मोठ्याने सांगतात. मनाच्या आजाराची पाळी आली की आवाज खाली जातो. ‘तिची तब्येत जरा बरी नसते’, ‘त्याचे डोके तापते’, ‘कसला तरी असर झालाय’ इतकेच कानी पडते, आणि रकाना कोरा राहतो.

हे कोरे रकाने साऱ्या देशभर आहेत. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांत मानसिक आजाराचे म्हणून लिहिले गेले ते सुमारे ७ लाख २३ हजार, म्हणजे शंभरांत तीनसुद्धा नव्हेत. उलट बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जी पाहणी केली, तीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांस कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रोगी उपचारावाचून होते. हे सगळेच अपंग ठरतील असे मुळीच नाही. तरीही दोन आकड्यांमधील हे अंतर पाहिले म्हणजे घरोघरी किती झाकून ठेवले जाते, याची कल्पना येते.

आता कायद्याकडे वळू. मानसिक आजार हे अपंगत्व मानण्याची गोष्ट नवी नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात जे सात प्रकार होते, त्यांत तो होताच. पण सरकारी नोकरीतील ३ टक्के राखीव जागा त्या कायद्याने दृष्टी, श्रवण आणि हातपाय यांच्या अपंगत्वापुरत्याच ठेवल्या. मनाच्या रोग्यास नाव मिळाले, जागा मिळाली नाही. २०१६ साली नवा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्यात प्रकार एकवीस झाले आणि राखीव जागा ४ टक्के. त्यांपैकी १ टक्क्यात मानसिक आजाराचा स्पष्ट समावेश आहे. सरकार आता ‘अपंग’ न म्हणता ‘दिव्यांग’ म्हणते. शब्द गोड आहे. घरात रात्र रात्र जागणाऱ्या आईला तो कितपत पटेल, हे आम्हांस सांगता येत नाही.

येथे एक घोटाळा आधी दूर केला पाहिजे. मतिमंदत्व वेगळे आणि मनोविकार वेगळा. मतिमंद मुलाची बुद्धी लहानपणापासूनच वाढीत मागे असते. मनोविकारात बुद्धी चांगली असू शकते, बहुधा असतेच. माणूस वयात आल्यावर, चांगला शिकल्या-सवरल्यावर त्याचा विचार, मनःस्थिती, जाणीव किंवा स्मरण बिघडते. आमच्या बोलीत दोघांसही एकच शब्द आहे आणि तो येथे लिहिण्याजोगा नाही. पण अर्जात चुकीचा प्रकार पडला तर सारे मुसळ केरात जाते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ आरोग्य विमा मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. नुसत्या मनोविकारास तो लागू नाही. रेल्वेची भाडेसवलत सोबत्यावाचून प्रवास न करू शकणाऱ्या मतिमंदास मिळते, मनोरुग्णास नाही. हा भेद आम्हांस न्याय्य वाटत नाही, पण तो आहे खरा. दलालाने काही वेगळे सांगितले तर विश्वास ठेवू नये.

यानंतरचा प्रश्न टक्क्यांचा. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी एकदा कागद पुढे करून विचारले, “सर, हे चाळीस टक्के म्हणजे काय हो? चाळीस टक्के वेडा आणि साठ टक्के शहाणा?” प्रश्न भाबडा होता, पण पुष्कळ सुशिक्षितांसही याचे उत्तर ठाऊक नसते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. हात तुटला तर तो मोजता येतो. मन कसे मोजणार? यासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने एक मोजपट्टी तयार केली. ‘आयडियाज’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते, आणि २००२ पासून सरकारी दाखल्यासाठी तीच वापरली जाते.

या मोजपट्टीत आजाराच्या नावाला गुण नाहीत. गुण आहेत ते आजारामुळे रोजच्या जगण्यात किती खोळंबा होतो, याला. चार गोष्टी तपासतात. पहिली, स्वतःची निगा: आंघोळ, कपडे, खाणेपिणे, औषधपाणी. दुसरी, माणसांशी वागणे: घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, परक्यांशी. तिसरी, बोलणे आणि दुसऱ्याचे बोलणे समजणे. चौथी, काम. काम म्हणजे केवळ पगाराची नोकरी नव्हे. गृहिणीचे घरकाम आणि विद्यार्थ्याचा अभ्यास हेही काम म्हणूनच धरतात. प्रत्येक गोष्टीस शून्यापासून ४ पर्यंत गुण: अडचण नाही तर शून्य, पूर्ण अडचण तर ४. शिवाय गेल्या दोन वर्षांत किती महिने आजाराची लक्षणे होती, त्याचे १ ते ४ गुण. सहा महिन्यांच्या आत असेल तर १, अठरा महिन्यांहून अधिक असेल तर ४. एकूण गुण २०. ही परीक्षा अशी की जितके गुण अधिक, तितके दुखणे मोठे. १ ते ६ गुण आले तर अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी. ७ ते १३ आले तर ४० ते ७० टक्के. १४ ते १९ आले तर ७१ ते ९९. आणि पुरे २० म्हणजे १०० टक्के.

मास्तरांना उदाहरणावाचून चैन पडत नाही, म्हणून एक कल्पित गृहिणी घेऊ. दोन-तीनदा सांगितल्यावाचून तिची आंघोळ होत नाही, कपडे बदलत नाहीत: २ गुण. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाते, सख्ख्या बहिणीशीही महिनोन्‌महिने बोलत नाही: २. विचारलेले कळते, पण उत्तर अर्धवट येते: १. स्वयंपाक सासू करते, मुलांचे डबे नवरा भरतो, तिच्याच्याने चूलही पेटत नाही: ३. एकूण ८ झाले. लक्षणे दोन वर्षे अखंड आहेत, त्याचे ४ मिळवले की १२. ही बाई ४० ते ७० टक्क्यांत बसली, दाखल्यास पात्र झाली. आता समजा, हीच बाई औषधाने सावरली; काम थोडे मागे पडते, माणसांत थोडी बुजते, आंघोळीची किंचित आठवण द्यावी लागते, बोलणे ठीक आहे, आणि दोन वर्षांत आठ-नऊ महिनेच त्रास झाला. १ अधिक १ अधिक १, आणि महिन्यांचे २. एकूण ५. दाखला ४० टक्क्यांच्या खाली गेला. सहा आणि सात यांमधल्या एका गुणात पेन्शन असते वा नसते. शाळेत एका गुणासाठी आम्ही फेरतपासणी करतो; कायद्यातही दाखला नाकारला गेल्यास वा टक्केवारी मान्य नसल्यास अपिलाची तरतूद आहे. तिचा उपयोग फार थोडे लोक करतात.

ही पट्टी मुळात तयार झाली ती छिन्नमनस्कता, उन्माद आणि उदासीनता आलटून पालटून येणारा आजार, मंत्रचळ आणि म्हातारपणचा स्मृतिभ्रंश हे दीर्घ आजार डोळ्यांपुढे ठेवून. परीक्षेचे अपयश, धंद्यातील खोट, कोणाचा मृत्यू यांमुळे काही महिने आलेली उदासी दुःखद असते, उपचारासही पात्र असते. पण तिच्यासाठी हा दाखला सहसा होत नाही. सरसकट आशा दाखवून लोकांच्या खेपा वाढवणे आम्हांस बरे वाटत नाही.

ही मोजणी नीट समजली म्हणजे आमच्या घरांत खरी चूक कोठे होते, तेही कळते. तपासणीच्या दिवशी आपण काय करतो? रोग्यास पहाटे उठवून न्हाऊ घालतो, इस्त्रीचे कपडे घालतो, वाटेत बजावतो, ‘डॉक्टरसाहेबांपुढे नीट बोल बरं का.’ डॉक्टर विचारतात, “घरी कसे आहे?” आपण म्हणतो, “अल्लाची कृपा, ठीक आहे”, “देवाच्या दयेने बरे चालले आहे.” तो आपला रिवाज आहे, चारचौघांत घरचे गाऱ्हाणे न सांगण्याचा. पण तेथे विचारणारा पाहुणा नसतो. रोग्याबरोबर घरच्या माणसाचीही विचारपूस होते ती याचसाठी, की वीस मिनिटांच्या भेटीत जे दिसत नाही ते घरच्याला ठाऊक असते. आंघोळ तुम्ही घातली असेल तर तुम्ही घातली असेच सांगावे. रात्री तो ओरडतो, भिंतीशी बोलतो, महिन्यातून दोनदा घर सोडून जातो, हे लाज न धरता सांगावे. जाण्यापूर्वी एका कोऱ्या वहीत महिनाभराच्या नोंदी ठेवल्या तर फारच चांगले: कोणत्या दिवशी काय केले, काय केले नाही, कोणी करून दिले.

याच्या उलट जाणारेही काही भेटतात, आणि त्यांची गोष्ट अधिक धोक्याची. गुण वाढावेत म्हणून तपासणीआधी औषध बंद करा, असा सल्ला कोणीतरी शहाणा देतो. हे कदापि करू नये. छिन्नमनस्कतेचे वा उन्मादाचे औषध एकाएकी तोडल्यास आजार उलटतो, आणि उलटलेला आजार पुन्हा पहिल्या औषधाला दाद देईलच असे नाही. महिन्याच्या चार हजार रुपयांसाठी माणूस गमवावा, असा हा व्यवहार होतो.

औषधाचा विषय निघाला म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. आमच्या समाजात, आणि शेजारच्या समाजांतही, मनाचे दुखणे प्रथम दर्ग्यात, देवळात, आमिलाकडे, भगताकडे जाते. तावीज बांधू नये असे आमचे म्हणणे नाही. दुखावलेल्या घराला जेथे धीर मिळतो तेथे ते जाणारच. पण तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडीस ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे जे घडले ते विसरता येत नाही. दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहात रोग्यांना साखळीने बांधून ठेवले होते. आग लागली, आणि २८ माणसे बांधल्या जागी जळून मेली. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणाही रोग्यास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. दवा करण्यास आमच्या धर्माची कधीच ना नव्हती. पैगंबरसाहेबांची शिकवण दवा करा अशीच आहे. दुआ आणि दवा बरोबरीने चालू शकतात. दाखल्यापुरते बोलायचे तर, लक्षणांचे महिने मोजताना आमिलाकडे घालवलेले महिनेही डॉक्टरांना सांगावेत, कारण मोजतात ते आजाराचे महिने. परंतु डॉक्टरची जुनी चिठ्ठी असेल तर शब्दाला बळ येते. आपल्याकडे चिठ्ठीत पुड्या बांधायची सवय आहे. ती सोडून साऱ्या चिठ्ठ्या एका फाइलीत तारखेने लावून ठेवाव्यात.

लोक दाखल्याला बिचकतात त्याचे कारण मात्र पैसा नाही. ‘एकदा सरकारदरबारी नाव लागले की माणूस वेडा ठरला, मग त्याची जमीन भाऊबंद घेतील, मत जाईल, मुलीचे लग्न मोडेल.’ यातील पहिल्या दोन भीती निराधार आहेत. २०१७ च्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे, की एखाद्यास मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो भ्रमिष्ट ठरत नाही. तसे ठरवण्याचा अधिकार योग्य न्यायालयाला आहे. मतदार यादीतून नाव वगळायलाही न्यायालयाचाच निर्णय लागतो. अपंगत्वाचा दाखला हा मदतीचा कागद आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे. तिसऱ्या भीतीवर कायद्याजवळ औषध नाही. ओळखपत्रावर अपंगत्वाचा प्रकार छापलेला असतो, हेही खरे. मात्र ज्या घराच्या दुखण्याची वार्ता गल्लीला दहा वर्षांपासून ठाऊक आहे, त्याने केवळ कार्यालयापासून ती लपवावी, यात राहिलेली अब्रू वाचते ती कितीशी?

आता प्रत्यक्ष मिळते काय? तेलंगणात ‘आसरा’ पेन्शन ८ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. अपंगांसाठी ती दरमहा १५०० रुपये होती. २०१९ साली ३०१६ झाली आणि जुलै २०२३ पासून ४०१६. तिच्यासाठी ४० टक्क्यांचा दाखला आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. केंद्र सरकारची इंदिरा गांधी अपंग पेन्शन २००९ पासून आहे, परंतु ती दारिद्र्यरेषेखालील ८० टक्के अपंगत्वाच्या माणसासच, व रक्कम ३०० रुपये. कमावत्या कुटुंबास आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५ हजारांची वजावट मिळते. ८० टक्क्यांवर अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची. उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आहेत.

आमच्या सभासदांपैकी अनेकांची सोयरीक गोदावरीच्या दोन्ही अंगांना, धर्माबाद, भोकर, किनवट, नांदेडकडे आहे, म्हणून तिकडचेही सांगतो. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली १५०० झाली, आणि २०२५ साली अपंगांकरिता ती २५०० करण्याचा निर्णय झाला. अर्ज तहसील कार्यालयात होतो, आणि अपंगाच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागते. पण तेथे पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. भैंशाची मुलगी धर्माबादेत दिली आणि बाळंतपणानंतर तिचे मन बिघडले, तर इकडचे राज्य म्हणते ती गेली, तिकडचे म्हणते ती अजून आली नाही. अशा मुलींचा विचार दोन्हीकडच्या कार्यालयांनी केलेला आम्हांस दिसत नाही. दिलासा इतकाच, की अपंगत्वाचा दाखला साऱ्या देशात चालतो. तो राज्यागणिक नव्याने काढावा लागत नाही. बदलावा लागतो तो पत्ता. शिवाय दाखल्यासाठी राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, किंवा जेथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयात, दोहोंपैकी कोठेही अर्ज करता येतो.

नोकरीत असलेल्यांसाठी एक गोष्ट. सेवेत असताना अपंगत्व आले तर सरकारी नोकरास काढून टाकता येत नाही, दर्जा उतरवता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एक अधिकारी मंत्रचळ आणि उदासीनता यांनी ग्रासलेले होते व त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आरोप असलेल्या वर्तनाच्या कारणांत मानसिक अपंगत्व हे एक कारण असेल, तर अशी कारवाई हा भेदभाव होय. आमच्या पेशातील किती जण शाळेच्या हजेरीपटाच्या भीतीने औषधाची बाटली टिफिनच्या पिशवीत लपवतात, ते आम्ही जाणतो. हा निकाल त्यांनी अवश्य वाचावा.

राहिली कार्यालयीन वाट. २०२१ च्या जूनपासून दाखला केंद्राच्या संगणकीय नोंदणीतूनच द्यायचा आहे. त्यातून देशभर चालणारे एकच ओळखपत्र मिळते. आपल्याकडे पूर्वीपासून ‘सदरेम’ची शिबिरे होत आणि त्यांचे दाखले पुष्कळांजवळ आहेत. आधार, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद घेऊन मी-सेवा केंद्रात गेल्यास तेथील माणूस अर्ज भरण्यास मदत करतो. अपंगत्वाचा प्रकार लिहिताना ‘मानसिक आजार’ हेच लिहिले आहे ना, ते स्वतः वाचून घ्यावे. मनोविकारतज्ज्ञाच्या तपासणीवाचून हा दाखला होत नाही, म्हणून ज्या दिवशी तज्ज्ञ येणार तोच दिवस गाठावा. हाडांच्या डॉक्टरांच्या दिवशी गेल्यास खेप फुकट. आदिलाबादेस रिम्स पूर्वीपासून आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला, २०२३ साली येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही निघाले, तेव्हा हैदराबादेस एरागड्ड्यापर्यंत धाव घेण्याआधी जवळ चौकशी करावी. डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या बसमध्ये बायकांना भाडे नाही. आईला वा बहिणीला रुग्णालयात न्यायचे तर निदान तिचा खर्च वाचतो.

मानसिक आजाराचा दाखला बहुधा मुदतीचा असतो. त्यावरची शेवटची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी, आणि तीन-चार महिने आधीच फेरतपासणीच्या मागे लागावे. मुदत टळली की पेन्शन अडकते आणि ती पुन्हा सुरू करताना नाकी नऊ येतात. अर्ज अडून बसला तर सोमवारी कलेक्टर कचेरीत प्रजावाणी भरते, तेथे लेखी तक्रार द्यावी व पोच मागून घ्यावी. आणि दाखल्याचे काही ठरण्याआधी नुसतेच कोणाशी तरी बोलायचे असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने १४४१६ हा फुकट दूरध्वनी ठेवला आहे. त्यावर आपल्या भाषेत बोलता येते. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांनी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. फाइल मात्र बरोबर आणावी.